मीठ, बर्फ आणि शीतवाहन

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या लागल्या की सर्वांचे लक्ष लिलावाकडे असते. सुरमई, पापलेट, बांगडा यांचे ढीग वाळूवर पडतात आणि बोली सुरू होते. या गोंधळात थोड्या अंतरावर बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज चालू असतो, तिकडे कोणी फारसे पाहत नाही. खरे तर लिलावातला भाव बराचसा त्या आवाजावर अवलंबून असतो. बर्फ नसेल तर ती सुरमई फार तर संध्याकाळच्या बाजारापर्यंत पोचेल. बर्फ असेल तर ती मुंबई, कोल्हापूर, बेळगावपर्यंत जाईल. गिऱ्हाईक किती लांबचे, यावर मच्छीमाराच्या हातात काय पडणार ते ठरते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याची दोन प्रसिद्ध उत्पादने, मासळी आणि हापूस आंबा, दोन्ही नाशवंत आहेत. मुंबईची बाजारपेठ सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे आणि वाटेतली हवा बहुतेक काळ तिशीच्या वर तापलेली असते. हे अंतर कोकणाने कसे कापले? या प्रश्नाचा मागोवा घेताना आपल्याला या किनाऱ्याचा इतिहास भेटतो, आणि पाठ्यपुस्तकातले उष्णतेचे प्रकरणही भेटते.

मासळीला किती वेळ असतो?

मासा मेल्यावर त्याच्या शरीरातली विकरे थांबत नाहीत. ती स्वतःच्याच पेशींचे विघटन करू लागतात. त्वचेवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत असलेले जीवाणू आता अडथळ्याविना वाढतात. या दोन्ही क्रिया रासायनिक आहेत, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. किनाऱ्यावरचे तापमान ३० अंश सेल्सियस धरू आणि बर्फाचे शून्य. मध्ये दहा-दहा अंशांच्या तीन पायऱ्या आहेत. म्हणजे वेगात फरक पडतो तो किमान २ × २ × २ = ८ पट, आणि तिप्पट धरले तर ३ × ३ × ३ = २७ पट. उघड्यावर अर्धा दिवस टिकणारी मासळी बर्फात आठवडाभर, कधी दोन आठवडे कशी टिकते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

बांगड्याच्या बाबतीत धोका केवळ वासाचा नाही. उष्णतेत राहिलेल्या बांगड्यात जीवाणू हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार करतात. ते खाण्यात आले तर अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. हे द्रव्य शिजवण्याने नष्ट होत नाही. म्हणून मासळी घरी नेऊन चांगली उकळली की झाले, हा समज चुकीचा आहे.

मिठाचे दिवस

बर्फ येण्यापूर्वी वेळ वाढवण्याचे एकच खात्रीचे साधन होते: मीठ आणि ऊन. मिठामुळे माशाच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. जीवाणूंनाही वाढीसाठी पाणी लागते, ते मिळेनासे होते. सुको बांगडो, सुकट, गोलमो हे मालवणी स्वयंपाकातले पदार्थ चवीसाठी आज आवडीने खाल्ले जातात, पण त्यांचा जन्म गरजेतून झाला. रापणीला एका ओढीत एवढा बांगडा यायचा की गावाने खाऊन संपणे शक्य नसे. तो वाया जाऊ द्यायचा नसेल तर खारवणे भाग होते. हे काम बहुतांशी गाबीत समाजातल्या स्त्रियांच्या हातात होते.

त्यामुळे मिठाची किंमत हा या किनाऱ्यावर पोटाचा प्रश्न होता. इंग्रजी अमदानीत मिठावर जबर कर होता. कराचे मीठ परवडत नाही, म्हणून लोक मासे कमी मिठात किंवा मिठाविनाच वाळवत आणि ते लवकर खराब होत. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ साली हिंदुस्थानातल्या सागरी मासेमारीवर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या प्रश्नाची चर्चा आहे. त्यानंतरच्या काळात सरकारने किनाऱ्यावर मासे खारवण्याचे वाडे उघडले. तिथे देखरेखीखाली सवलतीचे मीठ मिळे. १९३० च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर मोठा सत्याग्रह झाला. तो आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात शिकवतो. मीठ ज्यांच्या धंद्याचा कच्चा माल होते, त्या मच्छीमारांच्या बाजूनेही तो एकदा शिकवायला हवा.

मिठाने वेळ वाढला, पण मालाचा प्रकार बदलला. ताजी सुरमई आणि खारी सुरमई यांच्या भावात मोठे अंतर असते. ताजी मासळी ताजीच दूर न्यायची तर मीठ उपयोगाचे नव्हते.

बोस्टनचा बर्फ

मुंबईत पहिला बर्फ आला तो कारखान्यातून नव्हे, तर अमेरिकेतून जहाजाने. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या, दोनदा विषुववृत्त ओलांडणाऱ्या त्या प्रवासात १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक राहिला. १८३४ मध्ये असा बर्फ मुंबईलाही आला.

वाटेत तो वितळला कसा नाही? ट्यूडरने बर्फाचे ठोकळे एकमेकांना चिकटून घट्ट रचले आणि सभोवती लाकडाचा भुसा भरला. भुशाच्या कणांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. शिवाय ठोकळे एकत्र रचल्याने आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी होतो, आणि उष्णता शिरते ती पृष्ठभागातूनच. आज शीतवाहनाच्या भिंतींत जो फोम भरतात, तो हेच काम करतो.

मात्र हा बर्फ श्रीमंतांच्या पेयांसाठी आणि रुग्णालयांसाठी होता. मासळीवर टाकण्याइतका स्वस्त बर्फ मिळायला यंत्राने बर्फ बनवणे सुरू व्हावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांत बर्फाचे कारखाने निघाले आणि अमेरिकेचा बर्फ येणे बंद झाले. कोकणातल्या लहान बंदरांपर्यंत मात्र कारखाना पोचायला बराच काळ गेला. त्यासाठी वीज लागते, गोडे पाणी लागते आणि माल उचलून नेणारा रस्ता लागतो. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका आल्या, कोळंबीला परदेशात मागणी आली, आणि मग बर्फाचा कारखाना बंदराचा आवश्यक भाग बनला.

बर्फाचा हिशेब

एक किलो मासळीला किती बर्फ लागतो? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल. माशात बहुतांश पाणीच असते, त्याची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८५ धरू. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायचा तर ०.८५ × ३० म्हणजे सुमारे २५ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम बर्फ पुरायला हवा.

प्रत्यक्षात लांबच्या प्रवासाला मासळीच्या बरोबरीने बर्फ घालतात. उरलेला सातशे ग्रॅम बर्फ जातो कुठे? तो मासा थंड करण्यात खर्च होत नाही. गाडीच्या भिंतींतून, झाकणाच्या फटीतून, दार उघडल्यावर आत शिरणारी उष्णता खाण्यासाठी तो बरोबर घेतलेला असतो. मासळीच्या अनेक गाड्यांत थंड करणारे यंत्र नसतेच. जाड भिंतींची पेटी आणि भरपूर बर्फ एवढ्यावर त्या रात्रभर धावतात.

बर्फ बारीक फोडून घालण्यामागेही कारण आहे. मोठा तुकडा माशाला एखाद-दोन ठिकाणीच टेकतो, बारीक बर्फ सगळीकडून वेढतो. वितळलेले बर्फगार पाणी माशांमधून खाली झिरपत जाते आणि जाताना उष्णतेबरोबर जीवाणूही धुऊन नेते. म्हणून हे पाणी तळाशी साचू न देता बाहेर पडायला हवे. रस्त्यावरून पाणी गाळत जाणारी मासळीची गाडी मागच्या वाहनचालकाला नकोशी वाटते, पण पाणी बाहेर पडणे मासळीच्या भल्याचेच असते. ते रस्त्यावर न सांडता टाकीत साठवणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे.

हापूसची गोष्ट वेगळी

मासा मेलेला असतो, तोडलेला आंबा जिवंत असतो. तो श्वसन करतो, साखर जाळतो आणि त्यातून उष्णता बाहेर टाकतो. पिकायला लागला की हे श्वसन एकदम वाढते. घट्ट रचलेल्या पेट्यांच्या मध्यभागी हात घातला तर ऊब लागते, ती आंब्यांनी स्वतः निर्माण केलेली असते. घरी आपण आढी घालतो तेव्हा ही ऊब आपल्याला हवी असते. मालमोटारीत ती नको असते.

पूर्वी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांतून गलबतांनी आणि आगबोटींनी आंबा मुंबईला जाई. नंतर तो ट्रकने जाऊ लागला. पेंढ्यात रचलेल्या पेट्या, वर ताडपत्री आणि रात्रीचा प्रवास, हीच त्याची शीतव्यवस्था होती. पाणी मारलेले गोणपाट टाकून गारवा आणण्याचा मार्ग इथे फारसा चालत नाही. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते खरी, पण मे महिन्यात किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. सोलापुरात माठातले पाणी जितके गार होते तितके मालवणात होत नाही, त्याचे कारण हेच.

मग आंबाही बर्फात ठेवावा काय? नाही. आंबा उष्ण प्रदेशातले फळ आहे. फार थंडीत त्याच्या पेशींच्या पटलांना इजा होते. सालीवर करडे डाग पडतात, फळ बाहेर काढल्यावर नीट पिकत नाही, रंग आणि स्वाद येत नाही. हापूससाठी साधारण १२ ते १३ अंश तापमान योग्य समजले जाते. म्हणजे मासळीला जी थंडी जीवदान देते, तीच आंब्याचा घात करते.

हे ज्ञान आपोआप आले नाही, आणि त्याचा महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच घडला. डॉ. जी. एस. चिमा हे मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातले फळतज्ज्ञ होते. द्राक्षाच्या ‘चिमा साहेबी’ या वाणामुळे त्यांचे नाव बागायतदारांना परिचित आहे. १९३२ आणि १९३३ या दोन हंगामांत युरोपला आंबे पाठवून पाहण्यात आले, आणि त्याचा अहवाल चिमा आणि पी. जी. दाणी यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला. पुढे चिमा, डी. व्ही. करमरकर आणि बी. एम. जोशी यांनी शीतगृहातील आंब्यांवर विस्तृत संशोधन केले.

या कामातला एक धडा फार मोलाचा आहे. आंबा शीतगृहात कसा टिकेल हे तो झाडावरून केव्हा उतरवला यावरही ठरते. चिमा आणि दाणी यांनी फळाच्या तयारीच्या चार अवस्था सांगितल्या. पहिलीत फळाचे खांदे देठाच्या पातळीत असतात. दुसरीत खांदे देठाच्या वर उचलले जातात, रंग मात्र हिरवाच असतो. तिसरीत हिरवा रंग फिकट होतो. चौथीत सालीवर लाली किंवा पिवळी झाक दिसू लागते. कोवळा उतरवला तर फळ सुरकुतते आणि बेचव राहते, फार तयार झालेला उतरवला तर वाटेतच पिकते. कोकणातला बागायतदार ‘चौदा आणे तयार’ फळ उतरवा असे म्हणतो. त्याच्या डोळ्यांनी ओळखलेली खूण या शास्त्रज्ञांनी कोणालाही वापरता येईल अशा शब्दांत मांडली.

चालत्या गाडीतले यंत्र

थंडी निर्माण करणारे यंत्र मुळात घामाच्याच तत्त्वावर चालते. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषतो. यंत्रात ही वाफ वाया न घालवता दाबून पुन्हा द्रव करतात, आणि त्या वेळी बाहेर पडणारी उष्णता पेटीबाहेर सोडून देतात. यंत्र थंडी ‘घालत’ नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकते.

हे यंत्र प्रवासाला न्यायची कल्पना सुरुवातीला फसली. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन याने बर्फ बनवण्याचे यंत्र यशस्वी केले होते. १८७३ साली त्याने गोठवलेले मांस ‘नॉरफोक’ जहाजातून इंग्लंडला पाठवले, पण जहाजावर यंत्र नव्हते, बर्फाचा साठाच होता. तो वाटेत संपला आणि मांस कुजले. १८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे जहाज यंत्रासह न्यूझीलंडहून निघाले आणि ९८ दिवसांनी सुमारे पाच हजार मेंढ्यांचे मांस लंडनला सुस्थितीत पोचले. यामागे दोन गोष्टी होत्या. जहाज सुटण्यापूर्वी सुमारे दोन महिने मांस गोठवण्याचे काम चालू होते. आणि वाटेत थंड हवा सगळीकडे पोचत नाही असे दिसल्यावर कप्तान स्वतः हवेच्या नळीत शिरला व त्याने हवेला वाट करून दिली. या खटपटीत तो गारठून मरता मरता वाचला.

रस्त्यावर अडचण आणखी वेगळी होती. गाडीच्या हादऱ्यांनी यंत्राचे सांधे निखळत. अमेरिकेत फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस हादरे सोसणारे, गाडीवर बसणारे शीतयंत्र तयार केले. जोन्सचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते, तो बहुतेक सगळे स्वतः शिकला. १९९१ साली अमेरिकेने त्याला मरणोत्तर राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिले.

गाडी थंड करते, की थंड राखते?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. शीतवाहन भाड्याने घेतले की माल सुरक्षित झाला, अशी समजूत अनेकांची असते. हिशेब करून पाहू. दुपारी उतरवलेल्या आंब्याचे तापमान ३५ अंश आहे आणि ते १३ अंशांवर आणायचे आहे, असे धरू. गाडीत दहा टन आंबा आहे. आंब्याची विशिष्ट उष्णता सुमारे ०.९ घेतली तर १०,००० × ०.९ × २२ म्हणजे जवळजवळ दोन लाख किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल. गाडीवरचे यंत्र तासाला आठ हजार किलोकॅलरी बाहेर टाकते असे समजू. भिंतींतून शिरणारी उष्णता आणि आंब्याचे श्वसन सोडून दिले, तरी याला पंचवीस तास लागतील. तोवर गाडी मुंबई गाठून रिकामी झालेली असेल! चालकाजवळचा तापमापक मात्र सुरुवातीच्या काही तासांतच १३ अंश दाखवू लागतो, कारण तो आतल्या हवेचे तापमान सांगतो, पेटीच्या मध्यावर असलेल्या आंब्याच्या गराचे नव्हे.

शीतवाहनाचे काम थंड माल थंड राखणे हे आहे. गरम माल थंड करणे हे त्याचे काम नाही. ते काम आधी, बागेजवळच व्हायला हवे. यालाच पूर्वशीतन म्हणतात: पेट्यांमधून जोराने थंड हवा खेचून काही तासांत फळाच्या गाभ्यातली उष्णता काढून घेणे. त्यानंतर पेट्या छतापर्यंत आणि भिंतींना चिकटवून न रचता हवेला फिरायला वाट ठेवणे. ‘ड्युनेडिन’च्या कप्तानाला जे जिवावर उदार होऊन करावे लागले, ते इथे पेट्या रचतानाच साधता येते.

काही गोष्टींना यंत्रही लागत नाही. सकाळी लवकर, देठासकट फळ उतरवणे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला ‘नूतन झेला’ त्यासाठीच आहे. फळ तापलेल्या जांभ्याच्या सड्यावर न टाकता सावलीत ठेवणे. हापूसमध्ये साका का होतो याची अनेक कारणे सांगितली जातात, जमिनीतून मिळणारी उष्णता हे त्यांपैकी एक आहे. मासळीच्या बाबतीतही तसेच. होडी समुद्रात असतानाच पेटीत बर्फ असेल तर किनाऱ्यावरची घाई बरीच कमी होते. पहिल्या दोन तासांत गमावलेला ताजेपणा पुढची कोणतीही गाडी परत आणू शकत नाही.

आता वाहतुकीच्या सोयी वाढल्या आहेत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सोय झाली. २०२२ साली महाराष्ट्रातून प्रायोगिक तत्त्वावर समुद्रमार्गे अमेरिकेला आंबा गेला. पण सोयींबरोबर एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. पूर्वी ज्याच्याजवळ मीठ तो थांबू शकत असे. आज ज्याच्याजवळ बर्फ आणि शीतगृह तो भावासाठी थांबू शकतो. लहान होडीवाला आणि चाळीस-पन्नास कलमांचा बागायतदार यांना थांबता येत नाही, त्यांना पहिल्या बोलीलाच माल द्यावा लागतो. एकट्याला न परवडणारे पूर्वशीतन केंद्र गावाने किंवा सहकारी संस्थेने मिळून उभारणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. थंडाव्याचा खरा लाभ बंदरात आणि बागेत पोचायचा तर त्याची सुरुवातही तिथेच व्हायला हवी.

वर्गात करून पाहा

दोन प्रयोग सुचवतो. पहिला: सारख्या वजनाचे बर्फाचे दोन तुकडे प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांत बांधा. एक तसाच ताटलीत ठेवा, दुसरा डब्यात भाताच्या तुसात किंवा भुशात पुरा. तासाभराने दोन्ही पिशव्यांत जमलेले पाणी मोजा. दुसरा: एक मोठा बटाटा उकडून त्यात मध्यापर्यंत भोक पाडा आणि प्रयोगशाळेतला तापमापक हलक्या हाताने बसवा. दुसरा तापमापक बाहेर धरा. बटाटा गार पाण्याच्या भांड्यात अर्धवट बुडवून दर पाच मिनिटांनी बटाट्याचे आणि पाण्याचे तापमान लिहा व दोन्हींचे आलेख काढा. पाणी गार असूनही गाभा किती वेळ गरम राहतो ते मुलांच्या लक्षात येईल. मग त्यांना विचारा: हा बटाटा म्हणजे पेटीतला आंबा असेल, तर गाडी भरण्यापूर्वी तुम्ही काय कराल?